सरळ रेघेवर दोन टिचक्या

बाबा, काल आमच्या विद्यापीठात मुलांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं, आणि भर सभागृहात, पाहुण्यांसमोर, मी अगदी तुमच्यासारखी वागले. प्रदर्शन कसलं, तर आकड्यांच्या चित्रांचं. मुलं कशाकशाची मोजणी करतात आणि ती पडद्यावर रेघांतून, रंगांतून दाखवतात. तुम्ही आला असतात तर म्हणाला असतात, "हे तं आमच्या कंट्रोल रूममध्ये रोजच चालते." खरंच आहे. मी आज संख्याशास्त्र शिकवते, पण रेघ वाचायला शिकले ती खापरखेड्याच्या आपल्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात.

तुमच्या वीजकेंद्रात यंत्रांवर कागदाची गुंडाळी फिरायची आणि पेन तिच्यावर आपोआप लाल-निळ्या रेघा ओढत राहायचं. जुने कागद तुम्ही घरी आणायचात, आई ते डब्यांच्या फळ्यांवर अंथरायची. तिखटाच्या डब्याखालून बॉयलरचं तापमान डोकवायचं. एका दुपारी मी स्टुलावर उभी आहे, हातात पट्टी आणि लाल पेन्सिल, आणि त्या वाकड्यातिकड्या रेघा नीट सरळ करते आहे, तेवढीच तुम्हाला मदत. तुम्ही ड्यूटीवरून येता आणि दारातूनच ओरडता, "काहून सरळ करून राहिली वं? मशीन चालू हाये तं रेघ हालनच. सरळ झाली का समजाचं, पेन अटकला!" मी भोकाड पसरते. मग तुम्ही मला जवळ घेऊन, पेन अडकलं की यंत्राच्या काचेवर टिचक्या कशा मारायच्या ते पिठाच्या डब्यावर दाखवता. टक टक. पुढे कितीतरी दिवस मी दिसेल त्या घड्याळावर आणि मीटरवर टिचक्या मारत फिरले आणि आईचा मार खाल्ला.

काल माझी एक विद्यार्थिनी तिचा प्रकल्प दाखवत होती. कन्हानहून रोज बसने येते, अबोल आहे. तिनं उन्हाळ्यात वेगवेगळ्या घरांत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवली होती. बाकी घरांच्या रेघा दिवसा चढत होत्या, रात्री उतरत होत्या. एक मात्र वर चढली की रात्रभर तिथेच, पट्टीनं ओढल्यासारखी. पाहुणे परीक्षक भले गृहस्थ, हळूच म्हणाले, "बेटा, हे यंत्र बंद पडलेलं दिसतं. हे घर काढून टाक." पोरीचा चेहरा पडला. "सर, ते आमचंच घर हाये. वरून टीन हाये. रात्री थंडच होत नाही." त्या एका रेघेसाठी तर तिनं सगळा खटाटोप केला होता, तीच गेली तर उरणार काय? मला तिची बाजू घ्यायची होती, बाबा, पण सरळ रेघ दिसली आणि हात आपसूक पुढे गेला. टक टक. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर तुम्ही गेल्यावरही गेली नाही, माझ्या बोटात येऊन बसली.

हल्लीच्या पडद्यांना बोट लागलेलं कळतं. दोन टिचक्यांनी चित्र मोठं झालं, आणि सरळ वाटणारी ती रेघ हलताना दिसली. बारीकसा उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार. पोरगी पुढे झाली. "हे खाली आलं ना मॅडम, तवा आई उठून खिडकीवरचं पोतं ओलं करते. जरा वेळ बरं वाटते. मंग ते वाळून जाते." परीक्षक वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "घर राहू दे," आणि तिला तिच्या आईबद्दल विचारू लागले. ती अबोल पोरगी इतकं बोलली, इतकं बोलली, की पुढच्या मुलाला ताटकळत उभं राहावं लागलं.

जाताना परीक्षक मला म्हणाले, "मॅडम, चित्र मोठं करून दाखवायचं बरं सुचलं तुम्हाला." मी नुसती हसले, आणि शाबासकी खिशात घातली. मला काहीच सुचलं नव्हतं. मी अडकलेलं पेन सोडवत होते. हे मी तिथे कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि इतकी वर्षं झाली तरी ते मला न रडता जमत नाही.