तुमच्या ताईंच्या फोनची काच

पौडमुक्कामी आमचे मेहुणे विश्रामराव यांना मुळशीहून हैबतरावांचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? घरची मंडळी आणि नवी म्हैस सुखात असतील. मीही खुशाल आहे (आज आमटीत मीठ दोनदा पडलं, पण ते खुशालीतच धरायचं). तुमच्या ताई रागावून तुमच्याकडे येऊन बसल्या आहेत. का, ते त्यांनी त्यांच्या परीने सांगितलंच असेल. माझ्या परीने सांगायला मी फोनच केला असता, पण घरात बोलता फोन उरलेला नाही. सगळं रामायण त्याचंच आहे.

संध्याकाळी धरणाच्या काठी मी कविता म्हणायला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या शाळेत गुरुजी कविता नुसती तोंडाने म्हणू देत नसत. आभाळ आलं की हात वर, सागर आला की हात आडवा. (सागर इथे कुठून आणणार? पण धरण भरलं की भागतं.) त्या दिवशी स्वतःचीच कविता फोनमध्ये भरून घेत होतो:

सांजवेळी पाण्यावरती कोण सांडी केशराला,
दूर बगळा उडून सांगे वाट माझ्या अंतराला...

‘दूर’ म्हणताना शिकवणीप्रमाणे हात दूर गेला, आणि हातातला फोन त्याच्याही पुढे. बगळा जागचा हलला नाही. फोन खडकावर आपटला, काचेचं जाळं झालं. आत घंटी वाजे, पण कितीही बोट फिरवा, उचलताच येईना.

माण गावात आमच्या आत्याचं भातखाचर होतं ना, तिथे आता काचेची इमारत आहे. तिच्यात कंपनीचं दुरुस्तीचं केंद्र आहे म्हणून गेलो. गौतमी नावाच्या मुलीने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाली, “काका, ह्याचे पार्ट आता येत नाहीत. जुना झालाय ना, त्याचं आयुष्य संपलं.” आयुष्य संपल्याचं इतक्या गोड आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. नकळत ताठ बसलो. निदान उघडून तरी बघ म्हटलं, तर तो गोंदाने चिकटवलेला असतो, उघडायचा नसतोच म्हणे. मग पाटीवर ‘दुरुस्ती’ कशाला लिहिलंय, हे विचारायचं मला परतीच्या बसमध्ये सुचलं.

विश्रामराव, आपल्या वेळी वस्तू उघडत हो! रेडिओच्या पाठीला पुठ्ठा असे. तो काढला की आत दिवे लागलेलं छोटं गावच दिसे. परत लावताना एखादा स्क्रू हातात उरे, तरी बातम्या यायच्या. आता स्क्रूच नाही, तर उरणार काय?

तशात कुणीसं म्हणालं, दुरुस्तीचाही हक्क असतो, सरकारनेच त्याचं काहीतरी काढलंय. हक्क म्हटल्यावर आपल्याला जायची जागा एकच. तहसील कचेरीत गेलो आणि म्हणालो, माझा हा हक्क सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’मध्ये चढवून द्या. साहेबांनी शांतपणे विचारलं, “गट नंबर?” मी फोन उलटा करून बघितला. मागे बरेच आकडे होते, ते सगळे वाचून दाखवले. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं.

तिथून निघालो तो स्टँडसमोर कैलासच्या मोबाइलच्या दुकानात. तो म्हणाला, “आबा, आसलाच दुसरा फोन हाय का घरात? त्याची काच काढू, ह्याला लावू. लई सोपं हाय.” आता आमच्या मुलाने, मनीषने, आम्हा नवराबायकोला एकसारखे दोन फोन दिलेले. एका गाडीचं चाक मोडलं तर दुसरीचं लावतोच की आपण! दुसऱ्या दिवशी ताई फोन चार्जिंगला लावून रिसॉर्टवर भाकऱ्या पोचवायला गेल्या होत्या. संध्याकाळच्या आत जागेवर ठेवू म्हणून त्यांना विचारलं नाही.

काच बसली, उजेड आला, मला गहिवरून आलं. आणि वर अक्षरं उमटली: ‘अनोळखी भाग’. एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आलेले दोन भाऊ, आणि एक दुसऱ्याला ओळख देईना! सोयरिकीतसुद्धा आपण इतकं बघत नाही. माझा अंगठाही त्याला पटेना. शेवटी, असू दे, ज्याची काच त्याला लाव म्हटलं. ती काढताना आतली केसासारखी पट्टी तुटली. कैलासने चिमटा खाली ठेवला आणि म्हणाला, “आबा, तुमी कविता म्हणता ना? म्हणा एखादी.”

ताईंची भाकरीची सगळी गिऱ्हाइकं त्या फोनवरची, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या कवितेला हातवारे हायेत, माझ्या भाकरीला गिऱ्हाईक हाय. फोन नीट हुईल तवाच मी येईन.” आणि सिमकार्ड पदराच्या गाठीला बांधून एस.टी.त बसल्या. ते आता तुमच्या फोनमध्ये आहे असं कळतं. परके लोक तुम्हाला भाकऱ्या मागत असतील, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

चूक कंपनीची, कैलासची, गोंदाची की गुरुजींची, मला काही उमगत नाही. घर फार शांत झालंय. कविता म्हणायला बसतो. पण “आता पुरं करा” म्हणणारं कुणी नसलं की कविता संपतच नाही.

घरच्यांना आशीर्वाद, म्हशीला कुरवाळणे.

तुमचा दाजी,
हैबतराव

ता. क. पत्र ताईंना वाचून दाखवा. विचारलं नाही ते वाक्य वाचताना खोकला आला तर येऊ द्या.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. कैलास म्हणतो, तसाच तिसरा फोन मिळाला तर ताईंचा नक्की नीट होईल. लई सोपं आहे म्हणतो. तुमचा फोन, माझ्या आठवणीप्रमाणे, हुबेहूब तोच. ताई दुपारी लवंडल्या की हळूच पाठवून द्या. संध्याकाळच्या आत परत मिळेल.

ता. क. तिसरा. चहा करता करता विचार केला. फोन आणि ताई, दोहोंतलं एकच पाठवणं जमत असेल, तर ताईंनाच पाठवा. त्यांचं कार्ड त्यात आहे, तेव्हा फोन त्यांच्या पिशवीतून येईलच. कैलासला सांगून ठेवलं आहे.