वाइन निवडण्याचा हक्क कोणाला

मी, या वाइनच्या दुकानाचा थोरला मालक, वय अठ्ठावन्न, पूर्ण शुद्धीवर असून (वकीलसाहेबांनी ‘मद्याच्या अमलाखाली नसून’ हेही घालायला लावले) कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, केवळ संतापाने हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. प्रथम गंभीर विषय. दुकानाच्या दर्शनी काचेत धाकट्या बंधूंनी प्लास्टिकची द्राक्षे टांगली आहेत. जांभळी. त्यांवर धूळ बसते आणि ती पुसायची मी. खऱ्या द्राक्षांवर पोट भरणाऱ्याची याहून घोर विटंबना मला ठाऊक नाही. ती द्राक्षे, काउंटर आणि थंड कपाट बंधूंना. लखलाभ.

२. इटलीतल्या अकरा कुटुंबांच्या वाइनचे फडताळ मात्र त्यांना नाही. ही माणसे वेलींवर विषारी फवारे मारत नाहीत आणि तोडणीच्या मजुरांना माणसासारखे वागवतात. माझा नियम एकच: आधी मजुरांची निजायची खोली पाहायची, मग पेला तोंडाला लावायचा. दोनदा मी न चाखता परत आलो. एकीकडे खोलीला खिडकी नव्हती, दुसरीकडे खोलीच नव्हती.

३. गेल्या महिन्यात बंधूंनी याच फडताळात कारखान्याची वाइन घुसवली. लेबलवर टोपलीवाली आजी. “ही आजी कोणत्या गावची?” मी विचारले.

“जाहिरात कंपनीची!” वर हसले. “दादा, गिऱ्हाईक चव बघतं. तुझी ती खोली कोण बघतंय?”

बत्तीस वर्षे एका छपराखाली काढून एवढेच कळले! सगळ्या बाटल्या मी मोरीत ओतल्या. पश्चात्ताप नाही.

४. निवडीचा हक्क, माझ्या टिपणवह्या आणि चालायचे बूट पुतणीला, म्हणजे याच बंधूंच्या कन्येला. बूट मोठे होतील. मोजे दोन घालावेत. बापाने आड येऊ नये. तिची जीभ चांगली आहेच, पण ती प्रश्न विचारते, म्हणून तिला.

५. परवा तिने विचारले, “काका, आपल्या अकरांतल्या त्या डोंगरावरच्या म्हाताऱ्याकडे गेल्या तोडणीला खोली पाहिलीत ना?”

“पाहिली की,” मी म्हणालो.

पाहिली नव्हती. गुडघा दुखत होता. पायथ्याच्या गावातूनच फोन केला. म्हातारा म्हणाला, शेत आता मुलाकडे आहे, मजूर ठेकेदार आणतो, सगळे ठीक आहे. प्रत्यक्षावाचून प्रमाण न मानणाऱ्या मी ते मानले, कारण नमुन्याची बाटली सुरेख होती. ती वाइन फडताळात मधोमध आहे. बंधूंवर ओरडलो तेव्हाही तिथेच होती.

पुतणीने पहिली फेरी तिथे काढावी. तिला त्या खोलीत काय दिसेल, याची मला भीती वाटते.

लिहून देणार: थोरला मालक (सही)
साक्षीदार: शेजारचे बेकरीवाले (सही), समोरचे दातांचे डॉक्टर (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले. मजकूर वाचलेला नाही.
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: अठरा मे