गाय फाटकाशी उभी आहे

पावडर नदी, वायोमिंग
१७ मे १८८८

ऑरिन,

फाटकाची मधली फळी मी ठोकत होते, तेवढ्यात गाईने पुन्हा मुंडी घातली आणि फळी खिळ्यांसकट निघून आली. म्हणून हातोडा खाली ठेवला आणि कागद घेतला. तू निरोप देऊन पाठवलेला तुझा प्रुइट बाहेर पाण्याच्या डोणीवर बसून माझा पाव खातो आहे. उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणतो. त्याला वाचता येत नाही हे बरं आहे. वाटेत त्याला माझ्या अक्षराचा त्रास होणार नाही.

मी बरी आहे. तू बरा असशील. तू नेहमीच बरा असतोस.

हिवाळा गेला. म्हातारी घोडी फेब्रुवारीत गेली. छपराचा ओढ्याकडचा कोपरा खचला होता, तो आता नीट आहे. आईच्या थडग्याभोवतीचं कुंपण नव्याने घातलं आहे. मी नाही, झऱ्यावरच्या शेजाऱ्याने, ब्रोटेनने घातलं. त्याच्याबद्दल पुढे लिहीन.

नाताळात तू चेयेनहून पाठवलेला फोटो मिळाला होता. मागे रंगवलेला डोंगर, कमरेला दोन पिस्तुलं, टाचांना घोड्याला टोचायच्या चांदीच्या आऱ्या. त्या फोटोतल्या माणसाने आयुष्यात कधी शेणात पाय घातला असेल असं वाटत नाही. पुठ्ठा मात्र जाड आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली होती, तिथे तो बरोबर बसला. वारा आत येत नाही. या घराला तुझा एवढा उपयोग आजवर झाला नव्हता.

रविवारी तू आलास तेव्हा मी फोटो काढून ठेवायला हवा होता. पण तू खिडकीकडे पाहिलंच नाहीस. आईच्या थडग्याकडेही पाहिलं नाहीस. डोक्याला सुगंधी तेल लावून आला होतास. गुरांच्या वासाच्या माणसांत तो वास घेऊन कसा वावरतोस? की ती माणसं तुला आता वावरू देत नाहीत, गुरांच्या कंपनीच्या मॅनेजरच्या खोलीतच बसवतात?

"कीझी, एवढी गाय आणि वासरू आजची रात्र तुझ्या कोंडवाड्यात राहू दे. वासरू लंगडतंय."

"लंगडत तर नाहीये."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

हे तू मला विचारलंस. ज्या हिवाळ्यात गुरं उभ्या जागी गोठून मेली, त्या हिवाळ्यात बाबांचा चांगला घोडा घेऊन तू गेलास, आणि उरलेली जनावरं मी एकटीने जगवली. आणि त्यातलं मला काय कळतं?

गाईच्या कुशीवर कंपनीच्या कुऱ्हाडीचा डाग होता, तापल्या लोखंडाने दिलेला. वासरू कोरं होतं, अंगावर डाग नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डाग देणारी टोळी अजून या बाजूला आली नव्हती. तू पोटभर जेवलास. जेवताना सहज विचारलंस, ब्रोटेन कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे, सोमवारी सकाळी लाकडं आणायला डोंगरात जाणार आहे. तू आणखी घेवडा वाढून घेतलास.

सकाळी मी उठले तेव्हा तू नव्हतास, गाय नव्हती, वासरू नव्हतं. पाव उरला होता तोही नव्हता.

मंगळवारी कंपनीच्या माणसांना ब्रोटेनच्या आवारात ते वासरू सापडलं. अंगावर ब्रोटेनच्या होडीचा डाग, इतका ताजा की अजून खपली धरली नव्हती. शोधून काढणारा तू. शपथेवर सांगणारा तू. ब्रोटेन लाकडं घेऊन घरी आला आणि त्याला त्याच्याच गाडीच्या दोरीने बांधलं, तेव्हा दोरीचं दुसरं टोक धरणाराही तूच, असं प्रुइट सांगतो. अभिमानाने सांगतो.

कंपनीला त्याचा झरा हवा आहे हे नदीच्या दोन्ही काठांना माहीत आहे. मॅनेजरने सरळ झरा मागितला असता तर मी त्याला हावरट म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. पण त्यांना झऱ्याबरोबर माणूसही मेलेला हवा आहे, म्हणजे मागून कोणी विचारणार नाही. आणि त्यासाठी ते तुला पाठवतात. पूर्वी असल्या कामाला निदान पक्की माणसं लावायचे.

आता या गाईबद्दल.

सोमवारी संध्याकाळी ती परत आली. तेव्हापासून फाटकाशी उभी आहे. कास दगडासारखी झाली आहे, दूध आपोआप धुळीत ठिबकतं. गवत खात नाही. हंबरून हंबरून आवाज बसला आहे, आता नुसतं तोंड उघडते. पहिल्या दिवशी मला कळलं नाही ही का आली. मंगळवारी ब्रोटेनची बातमी आली तेव्हा कळलं.

आज तुझा प्रुइट आला.

"बाई, ऑरिनने सांगितलंय, गाय हाकलून द्या. नाहीतर मीच हाकलतो."

"हाकल की."

त्याने हाकलली. पार टेकडीपलीकडे घेऊन गेला. परत येऊन घोड्यावरून उतरला, पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि वळून पाहतो तर गाय त्याच्या मागोमाग चालत आलेली.

"परत आली," तो म्हणाला.

"मग कुठे जाईल?"

"गोळी घालतो."

"घाल. उद्या डाग देणाऱ्या टोळीच्या मुकादमाने, टॉलिव्हरने विचारलं, कंपनीची गाय माझ्या दारात कोणी मारली, तर तुझं नाव सांगू की ऑरिनचं?"

त्याने विचार केला. त्याला फार वेळ लागला. मग म्हणाला, "पाव आहे का थोडा?"

त्याने तुझा निरोपही दिला, पाठ करून आणला होता. एक गाय तर हाकलायची आहे. आपलं रक्ताचं नातं आहे. कंपनी खालचं कुरण माझ्या नावावर करून देईल. "शेवटचं मी विसरणारच होतो," प्रुइट म्हणाला. तू ते शेवटी ठेवलंस, म्हणजे ते तुला सगळ्यात वजनदार वाटलं असणार. मी विकली जाईन असं तुला वाटलं याचा मला राग नाही. तुला दुसरं काही वाटूच शकत नाही.

ऑरिन, वासरू हरवलेली गाय ते शेवटचं जिथे प्यायलं तिथे परत येते. इथल्या शेंबड्या पोरांना हे माहीत असतं. बाबांनी आपल्याला घोड्यावर बसवायच्या आधी हे शिकवलं होतं. तू खोटी शपथ घेतलीस, ते तुझ्याकडून अपेक्षितच होतं. पण गुरांवर फास टाकण्यात नदीवर आपल्यासारखा कोणी नाही असं मिरवणारा तू, आणि तू गाय विसरलास? वासराला ब्रोटेनकडे एकदा तरी पिऊ दिलं असतंस, तर ती आज त्याच्या दारात उभी असती आणि त्याला कोणीही वाचवू शकलं नसतं. पण तुला घाई होती. तेलाने केस विस्कटत नाहीत, पण घामाने विस्कटतात.

उद्या सकाळी टॉलिव्हरची टोळी ओढ्याने वर येणार. गुरांना पाणी पाजायला दर वर्षी इथेच थांबतात. ब्रोटेन स्वयंपाकाच्या गाडीच्या चाकाला बांधलेला असेल, वासरूही बरोबर असेल, आणि पुढे मोठ्या झाडांपाशी त्याचा निकाल लावायचा असं ठरलं आहे. झाडं कशाला लागतात हे मला कळतं. टॉलिव्हर कोणाचा मित्र नाही. पण त्याला डोळे आहेत, आणि त्याच्या सगळ्या माणसांना गाई कळतात.

गाय माझ्या दारात आहे, म्हणून ते मलाच चोर म्हणतील, असंही तू प्रुइटकडून सांगायला विसरला नाहीस. म्हणोत. चार दिवस हंबरून आवाज बसलेल्या जनावरासमोर उभं राहून मला जे सांगायचं ते मी सांगेन.

ब्रोटेनबद्दल लिहीन म्हटलं होतं. फार काही नाही. तो कॉफी बशीत ओतून पितो आणि बेसूर भजनं म्हणतो. त्याचं कुंपण मात्र सरळ असतं. मार्चमध्ये त्याने मला एक गोष्ट विचारली. मी म्हटलं, सांगेन. तो म्हणाला, "घाई नाही." उत्तर द्यायचं राहिलं आहे. मेलेल्या माणसाला ते देता येत नाही.

हे पत्र मी तुला का लिहिते आहे, ते तुला कळणार नाही, म्हणून सांगते. उत्तरेची वाट मोकळी आहे. गेलास तर बरं होईल. तुझ्यासाठी नाही. आईच्या कुंपणावरून तुला दोरीने बांधून नेलेलं तिला आवडणार नाही, आणि ते कुंपण नवीन आहे.

गाय मी हाकलणार नाही.

तुझ्या आईची मुलगी,
कीझाया हॅलम


१८ मे

ऑरिन,

हे कुठे पाठवायचं ठाऊक नाही. चेयेनच्या हॉटेलवर पाठवते.

सकाळी टोळी आली. टॉलिव्हर घोड्यावरूनच गाईकडे पाहत राहिला.

"ही इथे कधीपासून?"

"सोमवारी संध्याकाळपासून."

"वासरू तुझ्याकडे होतं?"

"एक रात्र. रविवारी."

"आणलं कोणी?"

"ऑरिनने."

मागे कोणीतरी हसलं. टॉलिव्हरने वळून पाहिल्यावर थांबलं. "सोडा रे ते वासरू," तो म्हणाला.

वासरू धावलं. गाईने त्याला हुंगलं, डागाच्या जागी थोडी अडखळली, मग पान्हा सोडला. सगळी माणसं टोप्या मागे सारून बघत उभी होती. ब्रोटेनच्या हाताची दोरी टॉलिव्हरने स्वतः सोडली, गुंडाळली आणि आपल्या खोगिराला लावली.

तू पहाटेच गेलास असं ते म्हणाले. चांदीच्या आऱ्या बिछान्यावर राहिल्या होत्या. वाजू नयेत म्हणून काढल्या असशील. तुझ्या मागे माणसं पाठवायची का, असं एकाने विचारलं.

"कशाला?" टॉलिव्हर म्हणाला. "गाय कुठे जाते हे ज्याला आठवत नाही, त्याला या मुलखात गुरांवर कोण ठेवणार?"

त्याने तुला दिलेली शिक्षा एवढीच. तुला ती लहान वाटेल.

ब्रोटेनची मनगटं सुजली आहेत. तरी तो आधी फाटकाकडे गेला आणि पडलेला हातोडा उचलला. फळी धरायला मी गेले. त्याच्या गोष्टीचं उत्तर तेव्हाच दिलं. त्याने खिळा ठोकून घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

खिडकीतला फोटो काढला आहे. तिथे ब्रोटेन काच बसवणार आहे.

कीझाया