विहीणबाईंचं नाक

४ जून, दुपार
आजपासून मी चित्रकार. शाळा चौथीपर्यंत झाली, पण रंगांना कुठे मार्कशीट लागते! क्लासचे मास्तर म्हणाले, आधी न हलणाऱ्या वस्तू काढा. घरी किटली आणि तीन सफरचंदं मांडली. दोन काढून होताहेत तोवर तिसरं यांनी खाल्लं. म्हणाले, हलत नव्हतं म्हणून उचललं. चित्र बघून मास्तरांनी विचारलं, आजी, ही किटली कुणावर रागावलीय का? पहिल्याच दिवशी किटलीत जीव आला!
निश्चय : रोज एक चित्र.

९ जून
रोज जमलं नाही. गुडघा. गुडघ्याचा आणि ब्रशचा काय संबंध असं हे म्हणतात, पण गुडघा यांचा नाही.
आज यांनाच खुर्चीत बसवून काढलं. घोरत होते, त्यामुळे हनुवटी सारखी वरखाली. दूधवाल्याने दारातूनच विचारलं, आजी, तुमचे भाऊ का? मला भाऊ नाही. हे फुगून बसले. इतके तरुण दाखवले, त्याचं काही नाही.

१४ जून, संध्याकाळ
क्लासमध्ये जिवंत मॉडेल! सुतार आहे, खांदे भरदार. शर्ट काढून बसला, वर पंखा फुल. मला बघवेना. उठून माझी शाल त्याच्या अंगावर घातली. सगळे ओरडले, आजी, आम्ही खांदेच काढतोय! मी चित्रात शालही काढली, मिशाही काढल्या. मास्तर म्हणाले, मिशा त्याच्याच आहेत, नाक मात्र त्याने तुमच्याकडून उसनं घेतलेलं दिसतंय. मास्तर तरुण आहेत. स्टाइल कळायला वय लागतं.

१७ जून
घरात टेन्शन. माझ्या नातीचं, खारुताईचं, लग्न जमत आलंय, पण मुलाच्या आजीने अजून मान हलवलेली नाही. त्या घरात सगळं या विहीणबाईंना विचारून चालतं. आज भेटायला गेलो तर बोलता बोलता म्हणाल्या, माझं चित्र कधी कुणी काढलंच नाही. मी पटकन म्हटलं, अहो, मी आहे ना!
खारुताईने टेबलाखालून लाथ मारली. घरी येऊन रडली. एका फोटोत विहीणबाईंचे डोळे मिटलेले आले, तर तो काढणाऱ्या जावयाशी त्यांनी बोलणं टाकलंय म्हणे. आजी, तुझ्या चित्रापायी माझं लग्न मोडेल! वेडी पोर. उलट चित्र बघून आपणहून हो म्हणतील.

२० जून
विहीणबाई बसायला आल्या. पाठ ताठ, पापणी हलेना. किटलीनंतर इतकं चांगलं मॉडेल मिळालं नव्हतं. रंग छान, साडी छान, फक्त नाक. सरळ, धारदार नाक त्यांचं. काढलं, पुसलं, काढलं, पुसलं. म्हणाल्या, बघू. मी झटकन कपडा टाकला. म्हटलं, पूर्ण होईपर्यंत दाखवायचं नसतं, चित्रकारांचा नियम आहे. नियम तिथेच केला.

२३ जून, सकाळ
झोप नाही. भीती नव्हे, बीपी असणार. सारखी उठून नाक बघत होते. शेवटी गोल करून टाकलं. गोल नाक प्रेमळ दिसतं. हनुवटीवर एक तीळही दिला, माझ्यासारखा. शोभतो चेहऱ्याला.
खारुताईला दाखवलं. तिने कपडा परत टाकला. म्हणाली, आजी, हरवलं म्हणून सांगू या. म्हटलं, तुला कलेतलं काय कळतंय! माझे हात गार पडले होते. ब्रश धुतल्यामुळे.

२५ जून
दोन्ही घरची माणसं विहीणबाईंच्या बैठकीत. कपडा काढला. नवरामुलगा पंख्याकडे बघत बसला. खारुताईने माझा दंड असा धरला की अजून वळ आहेत.
विहीणबाई उठल्या. चष्मा लावला. चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. वळल्या तर डोळ्यांत पाणी! म्हणाल्या, अगंबाई, मला वाटलं माझं काढताय. तुम्ही तर स्वतःचं आणलंत! हुबेहूब! पोरीला या घरात तुमची आठवण येईल म्हणून ना? एवढं कोण करतं हो! खारुताईला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, तारीख काढा.
मी तोंड उघडलं. खारुताईने चिमटा काढला. मी मिटलं.
चहा घेताना विहीणबाईंनी हळूच विचारलं, आता माझं कधी काढताय?
चष्म्याचा नंबर बदललेला असणार त्यांच्या.

२६ जून
माणसं काढणं बंद. माणसांची नाकं जागेवर राहत नाहीत. आज फक्त एक वांगं मांडलं. शांत, जांभळं, नाकाचा प्रश्नच नाही. दुपारभर मन लावून काढलं. इतकं सुरेख उतरलं की यांना हाक मारली.
हे चष्मा पुसत आले. वाकून बघितलं. म्हणाले, छान आलीयस गं. पण डोक्यावर देठ कशाला?