१५१ ने जाते

२ ऑगस्ट, डोंबिवली
बाबांनी परत गॅस चालू ठेवला. गेल्या आठवड्यात नाक्यावर रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता आला नव्हता. विनीतदादा फोनवर, "रुची, आता त्यांना एकटं नाही ठेवायचं. तू दिवसभर ठाण्याला, मी पुण्याला. खडवलीचा वृद्धाश्रम बघून आलोय मी."
मी म्हटलं, अजून नाही. जन्मभर गणित शिकवलंय त्यांनी. ते शाबूत आहे. ते गेलं की मानेन.

५ ऑगस्ट
चहाला आमची जुनी रीत – बाबांनी संख्या द्यायची, मी फोडायची. आज ३२१५०३१७५१.
"बोल. मूळ की संयुक्त?"
माझा प्रोग्राम लावला. घातांकाची कसोटी, न भागताच मूळ आहे का ते सांगणारी; चार पाये – २, ३, ५, ७. चारही पास.
"मूळ, बाबा."
"१५१ ने जाते."
"नाही जात. चारही कसोट्या पास झाल्यात."
"कसोट्या कसल्या घेतेस? भाग की!"
भागलं नाही. बाबांना मूळ संख्येत अवयव दिसायला लागले!
रात्री दादाला मेसेज केला – हो.

११ ऑगस्ट
खडवलीला सोडून आलो. गेटपाशी बाबा म्हणाले, "पेन्सिल ठेवलीस ना?" ठेवली होती. दादा गाडीत रडला. मी नाही.

१४ ऑगस्ट
चहा एकाच कपाचा. जमत नाही. जास्तच होतो.

२० ऑगस्ट
ऑफिसच्या कामासाठी तोच प्रोग्राम काढला. पाचवा पाया वाढवला, ११. चाचणीला हाताशी आली ती बाबांची संख्या.
संयुक्त!
कागदावर भागलं. बाकी शून्य. १५१ × ७५१ × २८३५१.
मग वाचलं. या चार पायांची कसोटी हिच्याआधी एकदाही चुकत नाही. चुकते ती पहिल्यांदा हिच्यापाशीच. शिवाय ही कार्मायकल संख्या – जुन्या साध्या कसोटीत जवळपास कुठलाही पाया घ्या, मूळ असल्याचं सोंग आणते. बाबांनी ती उगाच दिली नव्हती. ते माझी परीक्षा घेत होते आणि मला वाटलं, मी त्यांची घेतेय.
दादाला फोन केला. "चूक माझी होती. उद्या घरी आणते त्यांना."
"अगं, पण गॅस? तो तर खरा होता ना?"
फोन ठेवला.

२१ ऑगस्ट, खडवली
बाबा बाकावर बसले होते. कागद पुढे धरला. भागाकार त्यांनी ओळ न् ओळ तपासला, हातच्यांसकट. खाली बरोबरची खूण केली. मग हसून माझ्याकडे बघितलं.
"छान! हल्ली कोणी भागून बघत नाही. नाव काय बाळ तुझं? कोणी शिकवलं तुला?"