दहा ग्रॅमचं पाच लिटर

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल चोळता, की नुसती बाटली उशाशी ठेवता, ते खरं कळवा.

आमच्या कॉलेजात गेल्या महिन्यात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मुलं पन्नास, प्रत्येकाला शंभर मिलिलिटर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर द्रावण पाच लिटर हवं होतं. प्रयोगशाळा सहायक या नात्याने मी डबा उघडला, तर तळाशी जेमतेम दहा ग्रॅम. (नव्या डब्याचा अर्ज दोन महिने कार्यालयात आहे. त्यावर 'जुन्याचं काय केलं?' असा शेरा पडला आहे.) तुम्ही शाळेत शिकवलं होतं तसंच केलं. दहाला रेणुभाराने, म्हणजे चाळीसने भागलं, पाव मोल आला. पाव मोलला ०.१ ने भागलं, अडीच लिटर. यापुढे एक थेंब जास्त नाही.

कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "अडीच कसं? आपल्याला पाच हवंय."

"हवंय पाच सर, पण निघतंय अडीच."

"मग वर अडीच लिटर पाणी घाला. पाण्याची काय टंचाई आहे का?"

मी म्हटलं, द्रावण निम्म्याने पातळ होईल. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की उत्तर मुलांना पाठ असतं, बरणीत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मग मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांचा विषय राज्यशास्त्र. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, दोन्हींत तथ्य आहे म्हणाले आणि पावणेचार लिटरवर तडजोड सुचवली. शेवटी पाचच झालं.

आता या प्रयोगात हे द्रावण ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब आम्लात सोडलं की दहा मिलिलिटरला गुलाबी रंग येतो, हे मागच्या वर्षीच्या वह्यांमधून सगळ्यांना ठाऊक. यंदा तो वीसला येत होता. एकोणपन्नास जणांनी डोळ्यांनी वीस पाहिलं आणि हाताने दहा लिहिलं. (एका कलावंताने खरं वाटावं म्हणून ९.९५ लिहिलं.) कोपऱ्यातल्या टेबलावरच्या जाड चष्म्याच्या मुलीने मात्र ब्युरेट तीनदा धुतली, प्रयोग तीनदा केला आणि हळूच मला विचारलं, "काका, माझं काही चुकतंय का?"

मी म्हटलं, "जे आलं ते लिही."

तिने वीस लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला त्या प्रयोगात शून्य दिलं. ती नापास झाली, म्हणजे तिचं अख्खं वर्ष गेलं.

तिने चार ओळींचा अर्ज केला. द्रावण निम्म्या तीव्रतेचं होतं, हे तिने स्वतःच्याच आकड्यांवरून मांडून दाखवलं. त्यावर चौकशी समिती बसली, अध्यक्ष अर्थातच विभागप्रमुख. समितीने उरलेलं द्रावण आणि वापरलेलं द्रावण यांची बेरीज केली, ती बरोबर पाच लिटर भरली, आणि द्रावणात काहीही कमी नव्हतं असा निष्कर्ष निघाला. सोमवारी माझा लेखी जबाब आहे. मी कुणाची भीडभाड ठेवणार नाही, मामा. सगळं जसंच्या तसं लिहिणार आहे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. सरांनी जबाब टाइप करून ठेवला आहे, मी फक्त सही करायची. मामांना विचारून सांगतो म्हणालो. (या वयात असं म्हणणं शोभत नाही, पण तेवढंच सुचलं.)

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. बरणीवर '०.१ मोलर' अशी चिठ्ठी होती. अक्षर माझं, खाली सही माझी. सर म्हणाले आणि मी लिहून चिकटवली. त्या मुलीने विचारलं तेव्हा मी बरणीला पाठ लावून उभा होतो, मुद्दाम. कालपासून चारदा जबाब लिहायला बसलो, चारही वेळा पहिला शब्द 'सरांनी' असाच आला. तेव्हा एवढंच करा, 'मी' ने सुरू होणारं पहिलं वाक्य तुमच्या हाताने लिहून पाठवा. पुढचं मी लिहीन.