रडक्या पुलाचं नाव

नागपूर, रविवार, ८ डिसेंबर १९७४

आज नववीच्या पोरांना नागनदीवरचा रडका पूल दाखवायला नेलं. इतिहास मी शिकवतो, म्हणजे पूल माझा. चार वर्षं सांगत आलो, दगडांतून पाणी झिरपतं म्हणून रडका. सोबत चित्रकलेचा वसंत, नुसता चित्र काढायला आलेला. तर हा गडी पांढऱ्या इस्त्रीच्या पँटीसकट ओल्या पायरीवर बसला आणि कपडे धुणाऱ्या म्हातारीला विचारतो, "आजी, याले रडका काहून म्हणतात?"

ती म्हणाली, "पोरीले सासरी धाडताना मायबाप इथवरच येत. पल्याड जात नसत. मंग इथंच समदे रडत."

पोरं तिच्याभोवती गोळा झाली. माझी टिपणांची वही माझ्याच हातात. खरं लिहायचं तर जळलो. चार वर्षांत मी त्या पायरीवर एकदा तरी बसलो का? पँट मळेल म्हणून वरूनच बोलत राहिलो. त्याची मळली, तर तो हसला. तेही बघवलं नाही.

घरी येऊन आईला चिडून सारं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मले माहीत आहे. माह्या बापानंही मले तिथंच सोडलं होतं."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तू कधी इचारलं?" मेथीची काडी मोडत पुढं म्हणाली, "त्या चित्रवाल्या मास्तरले एक दिवस जेवाले घेऊन ये. त्याले सांगीन समदं."